‘रूमर्स’ कशावर उभा आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्लीटवुड मॅक या बँडचा १९७७ चा ‘रूमर्स’ हा अल्बम एवढा प्रचंड का चालला? बँडमधली नाती तुटत होती म्हणून गाण्यांत जीव आला असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते पुरेसं कारण आहे का? आणि पाच जणांचा नवा बँड पहिला अल्बम करत असेल तर त्याने यातून काय घ्यावं?

पुरेसं कारण नाही. नाती तुटत होती हे खरं, त्यातून गाण्यांना विषय मिळाले हेही खरं. पण घरोघरी नाती तुटतात आणि जगात रोज कोणी ना कोणी त्यावर गाणं लिहितं. विषय अस्सल आहे एवढ्यावर लोक एखादा अल्बम इतकी वर्षं लावत नाहीत. मी ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं काम करतो. नवी खोली किंवा नवे स्पीकर तपासायचे असले की हा अल्बम लावतो, आणि दर वेळी माझं लक्ष त्याच दोन माणसांकडे जातं: ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवुड आणि बेस गिटार वाजवणारा जॉन मॅकव्ही. गाणी लिहिणारे तीन, मुख्य आवाज तीन, काम जवळजवळ वर्षभर वेगवेगळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्यांनी झालेलं. एवढं असूनही अल्बम एका बँडचा, एका बैठकीचा वाटतो. तो तसा वाटतो या दोघांमुळे. बाकी सगळं यावर उभं आहे.

पार्श्वभूमी भराभर सांगतो. हा बँड १९६७ मध्ये लंडनमध्ये पीटर ग्रीनने सुरू केला, तेव्हा तो ब्लूज वाजवायचा. जॉन मॅकव्ही त्याच वर्षी आला. पुढे ग्रीन गेला, इतरही गिटारवाले आले-गेले, क्रिस्टीन मॅकव्ही कीबोर्डवर आली, बँड कॅलिफोर्नियाला गेला. १९७४ संपता संपता गिटारवाला लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स ही अमेरिकन जोडी सामील झाली. बँडचंच नाव असलेला १९७५ चा अल्बम हळूहळू चढत गेला आणि तब्बल वर्षाहून जास्त काळानंतर, १९७६ च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. म्हणजे तो वर चढत असतानाच ‘रूमर्स’चं काम चालू होतं. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे ड्रम-बेसची जोडी. १९७६ मध्ये हे दोघं जवळजवळ नऊ वर्षं एकमेकांसोबत वाजवत होते.

१९७६ च्या फेब्रुवारीत पाचही जण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटो गावी ‘रेकॉर्ड प्लांट’ या स्टुडिओत दाखल झाले. जॉन आणि क्रिस्टीनचं लग्न मोडलं होतं, लिंडसी आणि स्टीव्ही वेगळे होत होते, मिकच्या संसाराचंही काही खरं नव्हतं. निर्मिती बँडबरोबर केन कॅलॅट आणि रिचर्ड डॅशट या दोन इंजिनिअरांनी केली. लाकडी, बिनखिडक्यांची इमारत. एपीआय कंपनीचं मिक्सिंग कन्सोल, थ्रीएमचं २४ ट्रॅकचं, म्हणजे २४ वेगळे आवाज सुटे मुद्रित करणारं, टेप मशीन. ध्वनिरोधक मालाचा मारा इतका, की खोलीला स्वतःचा नाद जवळजवळ नव्हताच. आमच्या भाषेत ‘डेड रूम’. सुरुवातीचे आठ-नऊ दिवस माईक आणि अँप्लिफायर बदलण्यात गेले. मोठा, भरलेला आवाज मिळेना. शेवटी कन्सोलवरच्या इक्वलायझरने, म्हणजे आवाजातला वरचा-खालचा भाग कमीजास्त करणाऱ्या खुंट्यांनी, तो बराचसा साधला.

या मृत खोलीचा एक फायदा झाला आणि तो आजही ऐकू येतो. ड्रमला खोलीची शेपूट नाही. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजते आणि थांबते, स्नेअर (काडीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) वाजतो आणि थांबतो. मधली जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेत बेसचा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. बसण्याची रचनाही बघण्यासारखी आहे: मॅकव्ही ड्रमच्या समोर, फ्लीटवुडकडे तोंड करून वाजवायचा. दोघांभोवती आवाज अडवणारे पडदे. बकिंगहॅम या दोघांच्या जवळ, क्रिस्टीनचे कीबोर्ड मात्र ड्रमपासून लांब. मुद्रणात एकमेकांचा आवाज गळू नये यासाठी लोक सहसा वादकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. इथे आधी नजरानजर होऊ दिली, गळतीचा विचार मग केला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो.

आता ‘ड्रीम्स’ घ्या. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं हे या बँडचं एकमेव गाणं. स्टीव्ही निक्सने ते रेकॉर्ड प्लांटमध्येच, गायक स्लाय स्टोनसाठी बांधलेल्या एका खोलीत कीबोर्ड घेऊन बसून, दहाएक मिनिटांत लिहिलं असं तिने सांगितलं आहे. गाण्याचा जवळजवळ सगळा डोलारा दोन कॉर्ड्‌सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर) आहे, एफ आणि जी. बेस त्याच दोन स्वरांत येरझारा घालतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा क्रिस्टीनला ते कंटाळवाणं वाटलं होतं. बकिंगहॅमने त्याच कॉर्ड्‌समधून वेगवेगळे वाटतील असे भाग घडवले, कुठे गिटार तरंगती ठेवली, कुठे आवाजांचे थर चढवले. आणि खाली ड्रमचा आठ मात्रांचा नव्हे, आठ बारचा (चार मात्रांचं आवर्तन म्हणजे एक बार) एक तुकडा टेपवर वेटोळं करून फिरवत ठेवला. कॉम्प्युटर नव्हता. टेपचा तुकडा कापून त्याची टोकं जोडायची आणि मशीनवर गोल फिरवायचा.

तबल्याच्या एकलवादनात लेहरा जे काम करतो तेच इथे हा ड्रमचा तुकडा करतो. तो बदलत नाही, म्हणून बाकीच्यांना बदलता येतं. निक्सचा आवाज बारच्या आधी येतो, मागे रेंगाळतो, शब्द ओढतो, आणि तरी ऐकणाऱ्याचा पाय चुकत नाही. तिचं गायनही पुढे वर्षभर पुन्हा-पुन्हा घेऊन घासूनपुसून काढलेलं नाही. सॉसलिटोच्या मूळ मुद्रणातले ड्रम आणि तिचा आवाज ठेवून बाकीची वाद्यं नंतर लॉस एंजेलिसमध्ये भरली. ज्या बँडने बाकी सगळ्यावर अमाप वेळ घालवला त्याने हे दोन ट्रॅक हात न लावता ठेवले. काय पुन्हा करायचं आणि काय जसंच्या तसं ठेवायचं, हे कळणं म्हणजेच निर्मिती.

‘गो युअर ओन वे’ याच्या उलट टोकाला आहे. बकिंगहॅमच्या मनात रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यातला ड्रमचा बाज होता. फ्लीटवुडला तो तसाच वाजवणं जमेना, म्हणून त्याने टॉम-टॉमवर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या ड्रमवर, स्वतःचा काहीतरी वेगळाच ठेका लावला. कडव्यात तो ठेका असा अडखळत चालतो, की नव्याने ऐकणाऱ्याला सम कुठे आहे तेच सापडत नाही. धृवपद येतं, ड्रम सरळ होतात आणि एकदम जमीन लागते. गाण्याचा सगळा झटका त्या क्षणात आहे. प्रेमभंगाचे शब्द तर आहेतच, पण ते शब्द न कळणारा माणूसही तिथे ताठ होऊन बसतो. ड्रमरला ‘नेमकं मूळ रेकॉर्डसारखं वाजव’ म्हणून धरून बसले असते तर हे हाती लागलं नसतं.

अकरा गाण्यांपैकी चार क्रिस्टीनची, तीन बकिंगहॅमची, तीन निक्सची आणि एक पाचही जणांच्या नावावर आहे. क्रिस्टीनची गाणी ब्लूजमधून आलेली, गोलाईची आणि उबदार. बकिंगहॅमची टोकदार, लोकगीतांच्या गिटारवर वाढलेली. निक्सची धुकट, मंत्रासारखी. तीन वेगळे अल्बम होऊ शकतील एवढं अंतर यांच्यात आहे. ‘सेकंड हँड न्यूज’मध्ये बकिंगहॅम चक्क स्टुडिओतल्या रेक्झिनच्या खुर्चीची बैठक बडवतो, ‘डोन्ट स्टॉप’मध्ये हातोड्यांना टाचण्या लावलेला पियानो आहे, ‘गोल्ड डस्ट वुमन’साठी फ्लीटवुडने काचा फोडल्या. पण प्रत्येक गाण्यात बेस कुठे थांबतो ते ऐका. मॅकव्ही गायकाच्या ओळीवर कधी चढत नाही. ओळ संपली की दोन-तीन स्वरांत काहीतरी बोलतो आणि पुन्हा किकला चिकटतो. ‘यू मेक लव्हिंग फन’ हे क्रिस्टीनने त्याच्यानंतरच्या नात्यावर लिहिलेलं गाणं. त्यातसुद्धा त्याचा बेस तितकाच नेटका आहे. मला या अल्बममधली सगळ्यात मोठी कामगिरी ती वाटते.

पाचही जणांच्या नावावर असलेलं गाणं म्हणजे ‘द चेन’. ते एकसलग सुचलेलंच नाही. आधी क्रिस्टीनचं एक गाणं होतं, ते जमत नव्हतं. त्यासाठी एक मधला भाग मुद्रित करून जोडला. मग लक्षात आलं की मधला भाग चांगला आहे, बाकीचं गाणं नाही. म्हणून त्या मधल्या भागाला नवी कडवी लिहिली, निक्सच्या वेगळ्या गाण्याचे शब्द आले, सुरुवातीची गिटार बकिंगहॅम-निक्सच्या जुन्या गाण्यातून आली. मूळ मुद्रणातलं टिकलं ते फक्त शेवटचं: सगळं थांबतं, एकटा बेस दहा स्वरांची ती ओळ वाजवतो, ड्रम मागून शिरतात. सगळं काम ब्लेडने टेप कापून आणि चिकटपट्टीने जोडून केलेलं. नावही त्यावरूनच पडलं, तुकड्यांची साखळी म्हणून. इंग्लंडमधल्या लोकांना ती बेसची ओळ बीबीसीच्या फॉर्म्युला वन प्रक्षेपणाची धून म्हणून पाठ आहे, गाणं कुणाचं हे माहीत नसलं तरी. विचार करा, गाण्यातलं सगळं बदललं, लेखक बदलले, शब्द बदलले, आणि ज्याला कुणी हात लावला नाही तो भाग ड्रम-बेसचा निघाला.

आता टेपचा किस्सा. माझ्या मते या अल्बमच्या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

तेव्हा दोन इंच रुंदीच्या टेपवर २४ ट्रॅक असत. नवीन आवाज भरायचा म्हणजे टेप मागे न्यायची, पुढे न्यायची, पुन्हा वाजवायची. दर वेळी टेप मशीनच्या हेडवर घासते, तिच्यावरचा चुंबकीय थर हळूहळू झिजतो, आणि झिजताना आधी वरचा, चमकदार आवाज जातो. या लोकांनी महिनोन्‌महिने त्याच टेपवर आवाजांचे थर चढवले. एक दिवस कॅलॅट आणि मंडळींच्या लक्षात आलं, की ड्रम निस्तेज वाजताहेत. एकेक ट्रॅक सुटा ऐकला तर किक कुठली आणि स्नेअर कुठला हेही धड ओळखू येईना. आघाताचा पहिला टोकदार क्षणच पुसला गेला होता.

नशिबाने सुरुवातीचे मूळ ट्रॅक घेताना दुसऱ्या मशीनवरही तेच वादन मुद्रित केलेलं होतं. ती टेप कपाटात होती, न वाजवलेली, कोरी करकरीत. तिच्यावर ड्रम ताजे होते. झिजलेल्या टेपवर मात्र वर्षभराची बाकी सगळी मेहनत होती. आता झिजलेल्या टेपवरचे आवाज आणि गिटार ताज्या टेपवर न्यायचे. दोन मशीनना एकमेकांशी बांधणारा टाइमकोड टेपवर नव्हता, आणि कुठलीही दोन टेप मशीन अगदी एकाच वेगाने कधीच चालत नाहीत. म्हणून लॉस एंजेलिसमधल्या एका तंत्रज्ञाने हेडफोन लावले. एका कानात जुन्या टेपवरचे हाय-हॅट (जोडीने वाजणाऱ्या झांजा) आणि स्नेअर, दुसऱ्या कानात नव्या टेपवरचे. दोन्ही बरोबर जुळले की आवाज डोक्याच्या मधोमध येतो. एक मशीन किंचित पुढे गेलं की तो एका कानाकडे सरकतो. सरकला की वेगाची खुंटी हाताने फिरवून परत मध्ये आणायचा. गाण्यामागून गाणं, तासन्‌तास, फक्त कानाच्या भरवशावर.

हे करायची गरज का वाटली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. थोडा इक्वलायझर लावून ड्रमची चमक वाढवता आली असती. ड्रम नव्याने वाजवून घेता आले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही, कारण पहिल्या दिवशी समोरासमोर बसून जे वाजलं होतं त्यावरच बाकी सगळं रचलेलं होतं. ड्रमची नवी फेरी घेतली असती तर अगदी किंचितशा फरकानेही प्रत्येक गिटार आणि प्रत्येक ओळ घसरल्यासारखी वाटली असती.

‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ अल्बममधून का गेलं, याचं उत्तरही बरंचसं इथेच आहे. निक्सचं ते सुंदर, संथ, लांब गाणं. ते काढल्याचं ऐकून ती संतापली, आणि तिचं दुःख मला पूर्ण पटतं. लोक याला बँडमधलं राजकारण म्हणतात. पण तबकडीचं गणित वेगळं असतं. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं चांगली बसतात. वेळ वाढवली की खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, आणि खाच जितकी अरुंद तितका एकूण आवाज कमी ठेवावा लागतो. जास्तीत जास्त जागा खातो तो खालचा आवाज, म्हणजे बेस आणि किक. गाणं ठेवलं असतं तर दर गाण्याच्या पायातलं बळ कमी झालं असतं. ते ‘गो युअर ओन वे’च्या सिंगलच्या मागच्या बाजूला गेलं, अल्बममध्ये त्याच्या जागी निक्सचंच ‘आय डोन्ट वॉन्ट टू नो’ आलं. १९९७ च्या पुनर्मिलनाच्या कार्यक्रमात बकिंगहॅमकडे रोखून बघत तिने ते गायलं आणि गाण्याला त्याचा हक्काचा श्रोता मिळाला. २००४ च्या आवृत्तीत ते अल्बममध्येही बसवलं आहे. सीडीला खाचांची अडचण नाही.

माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत आणि ते सांगायला हवेत. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’ म्हणजे बकिंगहॅमची बोटं आणि आवाज, बस्स. तारांची चमक टिकावी म्हणून मुद्रण चालू असताना गिटारच्या तारा सारख्या बदलत होते. आणि ‘साँगबर्ड’ म्हणजे क्रिस्टीन आणि पियानो. त्या डेड खोलीत हे गाणं मेलं असतं, म्हणून कॅलॅटने बर्कलीचं झेलरबाख सभागृह घेतलं, पियानोवर फुलं ठेवली, दिवे लावले आणि रिकाम्या सभागृहात तिला एकटीला गाऊ दिलं. मात्र तिथेही लय सांभाळायला बकिंगहॅम पडद्याआड अकूस्टिक गिटार घेऊन बसला होता. म्हणजे ड्रम-बेस नाही, तरी लयीची जबाबदारी कुणाकडे तरी सोपवलेलीच होती.

४ फेब्रुवारी १९७७ ला अल्बम आला. अमेरिकेत एकूण ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, चार गाणी पहिल्या दहांत गेली, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, जगभरात चार कोटींच्या वर प्रती गेल्या. २०२० मध्ये स्केटबोर्डवरच्या एका माणसाच्या छोट्या व्हिडिओमुळे ‘ड्रीम्स’ पुन्हा उसळलं आणि त्रेचाळीस वर्षं जुना अल्बम अमेरिकेत पुन्हा पहिल्या दहांत आला. तो व्हिडिओ बघणाऱ्या पोरांना कुणाचं लग्न कुणाशी मोडलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता तुमच्या बँडबद्दल. फ्लॅटमध्ये ड्रम वाजवता येणार नाहीत, म्हणून तुम्ही बहुधा ड्रम लॅपटॉपवर क्लिक करून बसवणार आणि बेस सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, भरणार. माझ्याकडे येणारे बहुतेक बँड असंच करतात. ते करू नका. दोन दिवसांसाठी एखादी चांगली जॅम रूम भाड्याने घ्या, ड्रमर आणि बेसवाला यांना समोरासमोर बसवा आणि सगळ्या गाण्यांचे फक्त हे दोन ट्रॅक घ्या. गायकाने सोबत कच्चं गावं, म्हणजे त्या दोघांना कुठे थांबायचं ते कळेल. गायकाचा तो कच्चा ट्रॅकही जपून ठेवा. बजेट कमी असेल तर गिटारच्या पेडलवर खर्च कमी करा, या दोन दिवसांवर नको.

घेतलेल्याची त्याच संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि तिला हात लावू नका. आता टेप झिजत नाही, पण दुसरीच झीज होते: ठोके ग्रिडवर (संगणकाने आखलेल्या तालाच्या रेघांवर) सरकवून, ड्रमचे नमुने बदलून, वर आणखी चार प्लगइन (आवाज बदलणारी छोटी सॉफ्टवेअरं) चढवून मूळ वादन कधी गायब झालं ते कुणालाच कळत नाही. मिक्स करताना आठवड्यातून एकदा ती कोरी प्रत उघडून ऐका. ती जास्त जिवंत वाटली, तर मधे केलेलं बरंचसं काम काढून टाकायला तयार राहा.

गाणी लिहिणारे दोन-तीन असतील तर शैली जुळवण्यासाठी भांडत बसू नका. प्रत्येकाचं गाणं त्याच्या वळणाने जाऊ द्या. बेसवाल्याला एकच सांगा: गायक गात असताना किकसोबत राहा, ओळ संपल्यावर बोल. सुरुवातीला त्याला हे अपमानास्पद वाटेल. त्याला हेडफोन देऊन ‘ड्रीम्स’ आणि ‘यू मेक लव्हिंग फन’ फक्त बेसवर लक्ष ठेवून ऐकायला लावा, मग त्याला कारण विचारावं लागणार नाही.